मोठीचा रविवार

पहाटे ४.३०

डिसेंबरचा रविवार. नागपूरच्या तांडापेठेतली गल्ली अजून अंधारात आहे. मोठीनं शालीची टोकं कमरेला खोचली आहेत आणि ती नळाखाली ड्रम भरते आहे. नळ गेला की दिवसभराचा खोळंबा, म्हणून आधी पाणी. दोन ड्रम, एक टाकी, मग स्वयंपाकाचे गंज.

घर मागं, सावजी भोजनालय पुढं. मधे एक दार. दाराच्या अलीकडे शेगड्या आणि पाटा. पलीकडे सहा टेबलं आणि गल्ला. लग्न होऊन आली तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मोठी दाराच्या अलीकडे आहे.

थोरली सून म्हणून घरात तिला मोठी म्हणतात. गल्लीतही तेच नाव चालतं. “खरं नाव नका लिहू जी,” तिनं मला आधीच सांगितलं. “बाकी जे दिसंल ते लिहा.” म्हणून भोजनालयाचं नावही इथे नाही.

पहाटे ५.१५

नवरा आणि दीर स्कूटर काढतात. मटण आणायला जायचं आहे. नवरा दारातून विचारतो, “अवं, किती आणू?”

“बारा आणा जी. मागच्या रविवारी दहा पुरलं नाही. आणि खूर चार जोड.”

साडेसातशे रुपये किलोनं बारा किलोचे नऊ हजार. एवढा पैसा तिच्या एका शब्दावर घरातून जातो. अंदाज सहसा चुकत नाही. उरलं तर नुकसान, कमी पडलं तर गिऱ्हाईक परत जातं. हे गणित तिच्या डोक्यात असतं, पैसे मात्र तिच्या हातात कधी नसतात.

आता कांदा. दहा किलो. मोठी विळीवर, धाकटी जाऊ सुरीनं. निम्मा चिरायचा, निम्मा सालीसकट जाळावर भाजायचा. डोळ्यांतून पाणी येतं. तिकडे दोघी लक्ष देत नाहीत. बोलणं चालू राहतं. जावेचं पोरगं खोकतं आहे, त्याला हळद-दूध द्यायचं. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुवायचा आहे. लसूण काल रात्रीच सोलून ठेवला आहे.

सकाळी ६.३०

मसाला भाजायची वेळ. या वेळी मोठीशी कोणी बोलत नाही.

लोखंडी कढई, मंद जाळ, चमचाभर तेल. पूर्वी जवसाचं असायचं, आता बहुतेक फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं. धने आधी. मग जिरं, शहाजिरं. मिरे, लवंग, दालचिनी वेगळी. मसाला वेलची वेगळी. नागकेशर, जायपत्री, तेजपान. दगडफूल सगळ्यात शेवटी, कारण ते क्षणात करपतं आणि करपलं की सगळा गंज कडू. सुकं खोबरं लालसर होईपर्यंत. खसखस भिजत घातलेली. लोक सावजीच्या बत्तीस मसाल्यांच्या गोष्टी सांगतात. मी मोजायला लागले तर मोठी म्हणाली, “मोजून काय होते? भाजणं पाहा.”

मिरची भिवापुरी. भिवापूर नागपूर जिल्ह्यातलंच, तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रंग चांगला, तिखटपणा सोसवेल एवढा. देठं तोडताना मोठी हातमोजे घालत नाही. “मोज्यानं कळत नाही कोणती ओली आहे.” तिच्या बोटांच्या पेरांना तिखटाचा रंग कायमचा चढला आहे. नखांच्या कडा तडकल्या आहेत. रात्री खोबरेल लावते.

कोरडं सगळं मिक्सरमधून निघतं. ओलं वाटण मात्र पाट्यावर. एक दगडी यंत्र घेतलं होतं. त्यातलं वाटण गरम होतं, तर्री नीट सुटत नाही, असं तिचं म्हणणं. गिऱ्हाइकांनीही तक्रार केली, मग ते यंत्र कोपऱ्यात गेलं. आता ती गुडघे दुमडून बसते आणि वरवंटा ओढते. पाऊण तास. खांदे आधी हलतात, मग कंबर. मधे एकदा थांबून पाणी पिते.

या घरात मसाल्याचं प्रमाण सासू सुनेला देते, लेकीला देत नाही. लेक दुसऱ्या घरी घेऊन जाईल ना. मोठीला ते सासूकडून मिळालं. पण तिच्या माहेरी, उमरेडकडे, लवंग कमी आणि धने जास्त घालायचे. सासूचे हात थकल्यावर मोठीनं हळूहळू प्रमाण तिकडे वळवलं. कोणाला सांगितलं नाही. आता लोक जेवून गल्ल्याशी येतात आणि सासऱ्यांना म्हणतात, काका, तुमच्या हातची चव बदलली नाही.

“बदलली आहे,” मोठी वरवंटा धुताना म्हणते. “धा वर्षं झाली. मले सांगावंसं वाटते. मग वाटते, सांगून काय करू? घराचं नाव होऊन राहिलं, तेच माझं. तरी वाटते. असं वाटणं पाप आहे का जी?”

नाही, मी म्हणाले.

सकाळी ९.००

पुरुषांचा नाश्ता. पोहे, त्यावर तर्री, वरून कांदा. सासरे पुढच्या टेबलावर बसतात. त्यांच्यासोबत हलबा समाजातले तिघेचौघे. संध्याकाळी समाजभवनात सभा आहे, तिचं बोलणं चाललं आहे. हिवाळी अधिवेशन आलं की नागपुरात मोर्चे येतात, अनुसूचित जमातीचे दाखले मिळावेत ही हलबा समाजाची जुनी मागणीही तेव्हा रस्त्यावर येते. मोठी दारातून ताटल्या पुढे करते. पोऱ्या उचलून नेतो. पदर डोक्यावर आहे. सासऱ्यांसमोर तो अजून पडत नाही.

सासरे वाईट माणूस नाहीत. एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात त्यांची उमेद गेली. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली ती गिरणी. नागपूरच्या कितीतरी कोष्टी विणकर घरांत एक माणूस मिलमध्ये आणि एक हातमाग घरात, असा हिशोब होता. गिरणी बंद पडली, हातमागाला गिऱ्हाईक उरलं नाही. आता मिलच्या जागेवर मॉल आहे. सासऱ्यांनी घरच्या मागाची खोली रिकामी केली, मागाखालचा खड्डा बुजवला आणि टेबलं टाकली. बायकोच्या हाताला चव होती, तिच्यावर भरवसा ठेवून. असं करणारे ते एकटे नव्हते. गोळीबार चौक, पाचपावली, तांडापेठ फिरून पाहा, सावजीच्या पाट्या दिसतील.

गल्ल्याच्या मागं भिंतीवर तीन चौकटी आहेत. विठ्ठल-रखुमाई. अन्न परवाना. भागीदारीच्या कराराचं पहिलं पान. करारात तीन नावं: सासरे, नवरा, दीर.

सकाळी १०.३०

सगळ्या शेगड्या पेटल्या. १९ किलोचे सिलिंडर रविवारी कधी कधी दोन लागतात, म्हणून एक भरलेला बाजूला उभा. मोठ्या गंजात तेल. तेल पाहून नवखा माणूस घाबरेल. कांदा, वाटण, तिखट. तेल सुटेपर्यंत परतायचं. सराटा हातभर लांब आहे आणि गंजात बारा किलो मटण पडलं की दोन्ही हातांनी फिरवावा लागतो. मोठी पाय फाकवून उभी राहते. वाफ थेट तोंडावर. मग ज्वारीचं थोडं पीठ पाण्यात कालवून, रस्सा दाटसर व्हायला. दुसऱ्या शेगडीवर खूर सकाळपासून शिजत आहेत. तिसरीवर डाळकांदा. पाटवड्या धाकटी थापते आहे.

भांडेवाली आली. तिचा रोज ३०० रुपये. टेबलावरच्या पोऱ्याला ४०० आणि दोन वेळचं जेवण. दोघांचे पैसे रोजच्या रोज. त्यात या घरानं कधी मागंपुढं केलं नाही, हे भांडेवालीनंच मला सांगितलं.

दुपारी १२.३०

पहिली हाक. “दोन मटण, एक खूर, चार रोट्या!”

पुढचे तीन तास लिहून घेण्यासारखं फार काही नाही, कारण सगळं एकाच गतीनं फिरतं. वाटी, ताट, लिंबू, कांदा. वाटी, ताट. मोठीचा डाव प्रत्येक वाटीत दोनदा जातो, एकदा खालून रस्सा घ्यायला, एकदा वरून तर्री घ्यायला. तुकडे ती मोजत नाही, हाताला वजन कळतं. धाकटी तव्यावर. भांडेवाली मोरीवर. पोऱ्या दारात. पुढच्या खोलीतून हसणं येतं, नाकं ओढल्याचे आवाज येतात, आणखी तर्री मागितली जाते.

“पुढं बसून जेवल्या कधी?” मी विचारते.

मोठी डाव थांबवत नाही. “आपल्याच हॉटेलात? नाही जी. आपल्या घरच्या बायका पुढं बसत नाहीत.” मग दोन वाट्या भरून झाल्यावर, “एकदा वाटलं होतं. सगळे लग्नाले गेले होते. हॉटेल बंद होतं. पुढच्या टेबलावर बसली मी, पंखा लावला. जेवली नाही. बसली फक्त.”

दुपारी ४.००

दुपारची गर्दी ओसरली. पुरुष जेवले, पोरं जेवली, सासू जेवली. आता दोघी जावा. मोठी वरण-भात आणि दही घेते. तिला तिखट सोसत नाही. पित्त आहे, डॉक्टरनं मसाला बंद सांगितला आहे. चव पाहायची तर जिभेच्या टोकावर थेंब घेते आणि थुंकून टाकते.

सासू खाटेवर बसून लसूण सोलते आहे. मी तिला जुनं विचारलं. ती मागावर बसत नसे, मागावर माणूस. ती रहाटावर कांड्या भरायची, ताण्याला खळ लावायची, तुटलेला धागा सांधायची. कांडी नसेल तर धोटा चालतच नाही. मजुरी लुगड्यामागे मिळायची, विणणाऱ्याला. शेठच्या वहीत सासऱ्यांचं नाव.

“मले कोणी देल्लं होतं?” सासू म्हणते. बोलणं माझ्याशी, कान सुनेचा. “आम्ही मागितलं का? घराचं काम ते घराचं काम.”

मोठी ताट उचलून मोरीकडे जाते. तिनं उलट उत्तर दिलेलं या घरात कोणी ऐकलेलं नाही. मोरीशी ती मला हळूच म्हणते, “आत्याबाईनं सोसलं ते मले दिसते. म्हणून तं बोलवत नाही.”

सायंकाळी ५.००

लेक बारावीला आहे, विज्ञान शाखा. ती प्लॅस्टिकची फाइल घेऊन येते. मोठी हात पुसून खाली बसते. दिवसभरात ती पहिल्यांदाच निवांत बसलेली दिसली, आणि बसली ती या फाइलसाठी.

फाइलमध्ये पणजोबांचा दाखला आहे, आजोबांचा आहे, बापाचा आहे, काकाचा आहे. कुठे जात कोष्टी लिहिली आहे, कुठे हलबा. यातच सगळं अडलं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं २८ नोव्हेंबर २००० ला निकाल दिला की अनुसूचित जमातीच्या यादीतल्या हलबा नोंदीत हलबा कोष्टी धरता येणार नाहीत. समाजाला तो मान्य झाला नाही. तेव्हापासून अर्ज, समित्या, मोर्चे. २०१७ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की अवैध ठरलेल्या दाखल्यावरची नोकरी, प्रवेश टिकत नाही. त्यानंतर घराघरांतली झोप उडाली. दुसरा रस्ता आहे: कोष्टी म्हणून विशेष मागास प्रवर्ग, २ टक्के आरक्षण. जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, या प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. सासऱ्यांचं म्हणणं ठाम आहे: आपण हलबा, अर्ज हलबा म्हणूनच. दुसरा अर्ज केला तर समाजात काय तोंड दाखवू?

त्यांच्या म्हणण्याला वजन आहे. आयुष्यभर आपण कोण हे दुसऱ्यानं ठरवायचं, याची चीड त्या पिढीला आहे, ती मला समजते.

पण प्रवेशाची तारीख थांबत नाही. राखीव जागा हवी तर वैधता प्रमाणपत्र वेळेत लागतं. मोठीच्या चुलत दिराच्या मुलाचं एक वर्ष असंच गेलं.

“माझ्या बाबाचा शाळेचा दाखला आहे,” मोठी सांगते. “आमच्या गावच्या शाळेतला, साफ अक्षर, जुना. मी काढून आणला, एकटीनं, बसनं जाऊन. मग कळलं तो चालत नाही.”

चालत नाही, कारण वैधतेसाठी नातं बापाकडून मोजतात. वडील, आजोबा, काका, आत्या. आईच्या माहेरचा कागद सहसा पुरावा धरला जात नाही. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात वडिलांच्या नावाआधी आईचं नाव लिहायचं, असं महाराष्ट्रानं ठरवलं. मोठीची लेक त्याच्या कितीतरी आधीची. फाइलीतल्या एवढ्या कागदांत आईचं नाव मला एका गुणपत्रिकेवर दिसलं.

मोठी कागद सरळ करते, काठाला काठ लावून. “मले असं वाटते, पोरीनं दुसरा अर्ज करावा. मामाजींनी लढावं, मी नाही म्हणत नाही. त्याईची लढाई खोटी नाही. पण त्यात पोरीचं वर्ष काहून टाकायचं? हे मी यांना म्हटलं एकदा. ते म्हणाले, बाबांसमोर काढू नको. मग नाही काढलं.”

लेक आईकडे पाहते. काही बोलत नाही. फाइल मिटवताना मोठी तिला सांगते, “तू गणित घे. कांदा मी पाहते.”

सायंकाळी ६.३०

पुरुष सभेला गेले. चहाचा थर्मास आणि शंभर कागदी कप इथूनच गेले. बायकांना तिथे बंदी नाही. पण सहा ते साडेसात ही रात्रीच्या भाजणीची वेळ, तेव्हा जाणार कोण?

तेवढ्यात मोठी मला फडताळातलं पासबुक दाखवते. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये महिन्याला. २०२४ पासून. तिच्या एकटीच्या नावावर आलेला हा पहिला पैसा. त्यातून तिनं लेकीच्या परीक्षेची पुस्तकं घेतली आणि स्वतःला चष्मा केला. २०२५ मध्ये पडताळणी निघाली, तेव्हा नवऱ्याच्या नाहीतर वडिलांच्या आधारचीही पडताळणी मागितली गेली. वडील वारले आहेत. नवऱ्याच्या फोनवर ओटीपीचे आकडे येणार, तो गल्ल्यावर. गर्दीत त्यानं दोनदा नंतर बघू म्हटलं. तिसऱ्यांदा दिले.

“दिले नं शेवटी. माणूस चांगला आहे माझा. मारत नाही, पीत नाही. मायले सांगितलं तर ती म्हणंल, मग तुले दुःख कायचं?” ती पासबुक परत कपड्यांच्या खाली सरकवते. “दुःख नाहीच. हिशोब लागत नाही, एवढंच.”

रात्री ७.४५

दुसरी पाळी. थंडीत रात्री गर्दी जास्त. खूर नऊच्या आत संपले. मोठी सकाळपासून दाराच्या त्याच चौकटीत उभी आहे. टाचा दुखतात म्हणून पायाखाली गोणपाटाची दोन पदरी घडी. साडेनऊला सभेतून सासरे आले. मोर्चाचा दिवस ठरला. प्रत्येक घरातून दोन पुरुष आणि जेवणाची पाकिटं. पाकिटं किती, हे मोठीला पोऱ्याकडून कळलं: दोनशे. तिनं मनातच पीठ, तेल आणि पहाटेची वेळ मोजली. “बरं,” म्हणाली.

रात्री ११.४०

शटर अर्धं खाली. नवरा वही उघडतो. मोठी दारात उभी राहून सांगत जाते, तो लिहीत जातो. मटण नऊ हजार. खूर. कांदा, तेल, पीठ. सिलिंडर दीड. लिंबं. बर्फ. भांडेवाली ३००. पोऱ्या ४००. थर्मासचा चहा, साखर. तिला सगळं तोंडपाठ आहे, एकही आकडा ती चाचरत नाही. खर्च वजा जाऊन जे उरलं त्याचे तीन भाग होतात, करारातल्या तीन नावांचे. मोठीच्या घरात त्यातला एक भाग येतो, तो नवऱ्याच्या नावानं. तिच्या कामाची ओळ वहीच्या कोणत्याच पानावर नाही. मी मागची पानं चाळून पाहिली. नवऱ्यानं चाळू दिली आणि मी काय शोधते आहे हे कळल्यावर तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “असं कधी डोक्यात आलं नाही, ताई.” मला तो खरं बोलत होता असंच वाटलं.

मी या घरचं मीठ खाल्लं आहे आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. म्हणूनच इथे स्पष्ट लिहिते. या भोजनालयात गिऱ्हाईक ज्यासाठी येतं ते मोठीच्या खांद्यातून आणि बोटांतून येतं. भागीदारीच्या करारावर चौथी सही तिची हवी, गल्ल्यातला वाटा तिच्या खात्यात हवा आणि लेकीच्या अर्जाविषयी तिचं मत सासऱ्यांसमोर, सगळ्यांदेखत ऐकलं गेलं पाहिजे. यात तिच्यावर कोणाचे उपकार होणार नाहीत. बावीस वर्षांचं देणं आहे ते.

करार येत्या एप्रिलमध्ये नव्यानं लिहायचा आहे.